ब्रेकवर कोण बसणार

अमृतला दोन गोष्टी बऱ्या जमायच्या. एक यारीचा ब्रेक आणि दुसरी वर्गात हात वर करणं. पहिली त्याला थोरल्या भावानं, सोपानदादानं शिकवली होती. दुसरी त्याची स्वतःची, आणि तिनंच त्याला अडचणीत आणलं.

शहाण्णव सालचा उन्हाळा नुकता लागत होता. अमृत अवसरी बुद्रुकचा, मंचरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. सोपाननं दहावीतच शाळा सोडून विहिरी खोदायचं काम धरलं, म्हणून धाकटा कॉलेजात बसू शकला. हे घरात कुणी बोलून दाखवत नसे. पण रविवारी आणि सुट्टीला अमृत न सांगता कामावर जायचा आणि यारीवर बसायचा. विहिरीच्या काठावर तीन लोखंडी पाय रोवून उभं केलेलं ते यंत्र. वर कप्पी, खाली इंजिनावर फिरणारा ड्रम, ड्रमवर तारेचा दोर आणि दोराच्या टोकाला बकेट. त्या बकेटमधून खालचा दगड वर येई आणि माणसंही त्यातूनच ये-जा करत. ब्रेकवर बसणाऱ्याच्या हातात खालच्या माणसाचा जीव असतो, हे सोपाननं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेही कानाखाली वाजवून, कारण अमृत तेव्हा रेडिओवर मॅच ऐकत होता.

आता वर्गात काय झालं ते सांगायला हवं.

तर्कशास्त्राचे दौंडकर सर धडा लवकर संपला की काहीतरी कोडं घालत. त्या शुक्रवारी त्यांनी रेल्वेचं कोडं काढलं. रूळ, गाडी, रुळावर माणसं. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "सर, मंचरला रेल्वे येईस्तोवर ती माणसं म्हातारी होऊन मरतील." वर्ग हसला, सरही हसले. मग त्यांनी रेल्वे सोडली आणि मालट्रक घेतला.

"बरं. पेठच्या घाटातून ट्रक खाली येतोय. ब्रेक फेल. ड्रायव्हर तुम्ही. पुढं रस्त्यावर पाच माणसं आहेत. डावीकडं वळवला तर पाच वाचतात, पण तिथं एक माणूस उभा आहे, तो जातो. वळवाल का?"

पोरांनी आधी पळवाटा शोधल्या. हॉर्न वाजवू. हॉर्न बंद आहे. डोंगराला घासू. डोंगर लांब आहे. एकानं विचारलं, ती पाच माणसं जुन्नरची का आंबेगावची? त्याला सरांनी खाली बसवलं. मग अमृतचा हात वर गेला.

"वळवणार सर. पाच जीव एकापेक्षा जास्त. यात विचार करण्यासारखं काही नाही."

"आणि तो एक तुझा भाऊ असला तर?"

इथं शहाण्या माणसानं जरा थांबायला हवं होतं. पण सगळा वर्ग मान वळवून बघत होता आणि अमृत विशीतला होता. "तरी वळवणार," तो म्हणाला. "नियम म्हणजे नियम. भाऊ आला म्हणून गणित बदलत नाही."

मागच्या बाकांनी टाळ्या पिटल्या. मुलींच्या रांगेतून पेठची आरती उठली. "मी नाही वळवणार सर. ते पाच जण ब्रेकनं मरतील. त्या एकाला मात्र मी मारलेलं असेल." मग अमृतकडं वळून तिनं विचारलं, "आणि तू त्या एकाला विचारलंस का?"

"एवढ्या घाईत विचारायला वेळ कुठं असतो?" अमृत म्हणाला. पुन्हा टाळ्या पडल्या. एस.टी.त बसेपर्यंत त्याची छाती फुगलेली होती.

गंमत अशी की सोपानची माणसं त्या दिवसांत पेठलाच काम करत होती आणि ज्यांची विहीर चालली होती ते गेणभाऊ म्हणजे आरतीचे वडील. आरतीनं घरी जेवताना सगळं सांगितलं. तिच्या मनात काही नव्हतं, तिला फक्त आपलं उत्तर बरोबर होतं असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. गेणभाऊंनी तिचं अर्धंच ऐकलं आणि ते अर्धं जपून ठेवलं.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी ते काढलं. सगळी दगडाच्या ढिगाजवळ बसली होती. सोपान, सावळेराम, त्याची बायको साळुबाई आणि अवसरीत सोपानच्या शेजारी राहणारी कुशाबाई. रोज ब्रेकवर बसणारा चिमाजी तेवढा नव्हता, तो पाहुण्यांच्या लग्नाला मढला गेला होता.

"सोपानराव," गेणभाऊ म्हणाले, "तुमचा भाऊ लई हुशार निघाला बरं का! पाच माणसं वाचत असली तर भावाला ट्रकखाली घालीन म्हणला, भर वर्गात. पोरांनी टाळ्या वाजवल्या म्हणं."

सगळे हसले. सोपान सगळ्यांत मोठ्यानं हसला. अमृतला तेवढ्यानं बरं वाटलं आणि तोही हसला. पण चहा संपल्यावर सोपाननं कपातला गाळ नेहमीपेक्षा जरा लांब फेकला.

दिवसभर काम नीट चाललं. विहीर सात परूस, म्हणजे चाळीसेक फूट, खाली गेली होती आणि तळाला काळा पाषाण लागला होता. दुपारपर्यंत खाली भोकं पाडून झाली, सुरुंगाचे तोटे भरून झाले, वाती लावून झाल्या. आता शेवटचं काम उरलं. एकानं खाली जाऊन वाती पेटवायच्या, बकेटमध्ये बसायचं आणि ओरडायचं. ब्रेकवरच्यानं त्याला वर घ्यायचं. मग सगळ्यांनी गोठ्याआड पळायचं आणि बार उडायची वाट बघायची. वाती सोपानच पेटवायचा, दुसऱ्या कुणाला त्यानं कधी ते करू दिलं नाही. अमृत सवयीनं यारीच्या ब्रेकजवळच्या फळीवर जाऊन बसला.

"तू ऊठ," सोपान म्हणाला. "रस्त्यावर लाल फडकं घेऊन उभा ऱ्हा. गेणभाऊ, तुमी बसा ब्रेकवर."

अमृतला वाटलं, थट्टा आहे. पण सोपानचा चेहरा थट्टेचा नव्हता. त्यानं भावाला बाजूला घेतलं.

"दादा, अरे ते वर्गातलं होतं. नुसतं कोडं."

"म्हंजी खोटं बोललास?"

"खोटं नाही..."

"मग खरं बोललास."

खोटं म्हणावं तर सगळ्या वर्गापुढं नुसती बढाई मारली असं होतं. खरं म्हणावं तर समोर हा उभा होता, कमरेला वातींची काडेपेटी खोचून, सात परूस खाली जायला निघालेला.

"मला राग न्हाई आला," सोपान म्हणाला. पण आला होता, आणि रागापेक्षाही जास्त काहीतरी होतं. "पर खाली असताना वर कोण हाय याचा इचार माझ्या डोक्यात यायला नको. आज त्यो येनार. उत्तर सापडंल तवा बस ब्रेकवर."

एवढं बोलून तो बकेटमध्ये चढला. गेणभाऊ ऐटीत फळीवर बसले. त्यांच्या स्वतःच्या मळ्यात इंजिन होतं, तेव्हा इंजिनातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची समजूत होती. अमृत लाल फडकं घेऊन रस्त्याकडं निघाला. फडकं बोटाला गुंडाळत, सोडत, मनातल्या मनात आरतीला, गेणभाऊंना, दौंडकर सरांना आणि सगळ्यांत जास्त स्वतःला शिव्या घालत तो चालला होता. मग त्याच्या लक्षात आलं की आपण काहीतरी ऐकत नाही आहोत.

इंजिनाचा आवाज थांबला होता.

झालं होतं ते इतकं साधं की नंतर कुणाला त्यावर धड रागावताही येईना. बकेट तळाला टेकली तसं गेणभाऊंनी इंजिन बंद केलं. मळ्यात पाट फुटला की ते इंजिन बंद करायचे, जेवायला बसले की बंद करायचे, कुणी बोलायला आलं तरी बंद करायचे. डिझेल फुकट जळताना त्यांना बघवत नसे. सोपान वाती पेटवतोय तोवर कशाला फटफटत ठेवायचं, हाक आली की मारू हॅंडल. चिमाजीनं किंवा अमृतनं हे कधी केलं नसतं. पण ते दोघंही तिथं नव्हते आणि हे कुणी सांगायला हवं असतं असं कुणाला वाटलंही नव्हतं.

खालून हाक आली, "ओढा!" गेणभाऊंनी हॅंडल मारलं. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा मारलं, पुन्हा गप्प.

अमृत धावत सुटला. फडकं कुठं पडलं ते त्याला नंतर आठवलंच नाही. तो काठाशी आला तेव्हा गेणभाऊ घामानं निथळत हॅंडल फिरवत होते आणि खालून सोपान ओरडत होता, "इंजन का बंद पडलं रं? ओढा की!"

अमृतनं इंजिनाकडं बघितलंच नाही. त्यानं ड्रम मोकळा केला आणि कप्पीवरून खाली आलेला तारेचा दोर दोन्ही हातांनी धरून अंग टाकलं. दोर ताणला गेला. बकेट काही हलली नाही. माणूस एकटा आणि खाली लोखंडाची बकेट, त्यात धडधाकट भाऊ.

गोठ्याकडून सावळेराम पळत येताना त्याला दिसला. मागं साळुबाई, तिच्या मागं कुशाबाई. आणि काय सांगावं, त्याही वेळी अमृतच्या तोंडून ते वर्गातलंच गणित बाहेर पडलं.

"मागं सरा!" तो किंचाळला. "बार उडंल! सगळी मराल! मागं सरा!"

सावळेरामनं एक अशी शिवी दिली की ती इथं लिहिता येणार नाही आणि अमृतच्या पुढं हात घालून दोर धरला. साळुबाईनं त्याच्या मागं धरला. गेणभाऊंनी हॅंडल टाकून दिलं आणि तेही आले. कुशाबाई दोराला हात न लावता यारीच्या लोखंडी पायापाशी बसली आणि ओढून आलेला दोर त्या पायाला वेढे देत गेली, म्हणजे हात सुटले तरी बकेट खाली जायची नाही. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

बकेट हलली.

"कोन ओढतंय?" खालून आवाज आला. "हातानं ओढताय का? आरं वाती भोकात गेल्यात! पळा! पळा तुमी समदी!"

"गप बस!" अमृत ओरडला. थोरल्या भावाला तो आयुष्यात पहिल्यांदाच असं बोलला.

ओढ, वेढा. ओढ, वेढा. तार तळव्यांत रुतत होती. दुखत असावं, पण तेव्हा ते कळलं नाही. गेणभाऊ प्रत्येक ओढीला "आई, आई" म्हणत होते. खालून सोपानच्या शिव्या जवळ जवळ येत होत्या आणि त्या जवळ येतायत यासारखा आनंद नव्हता. मग काठावर आधी त्याचे हात दिसले, मग डोकं. सावळेरामनं त्याला दंडाला धरून बकेटमधून अक्षरशः उपटला. गोठ्यापर्यंत जायला वेळ नव्हता. सगळे जण जवळच्या दगडाच्या ढिगामागं एकमेकांच्या अंगावर पडले.

जमीन हादरली. एक बार, मग दोन जोडीनं, मग आणखी. दगड आभाळात गेले आणि सावकाश परत आले. एक मोठा धोंडा चहाच्या किटलीवर पडला आणि किटलीची भाकरी झाली.

मग शांत झालं. धूर विहिरीतून वर येत होता. कुणी कुणाच्या अंगाखाली होतं, कुणाचा पाय कुणाच्या तोंडावर होता. साळुबाई एकेकाला हात लावून बघत होती. सगळी होती. धड होती.

सोपान आधी उठला, आणि उठला तो भडकूनच. "अक्कल हाय का तुमाला? पळा म्हनलं तरी हितंच! एकासाठी पाच जनं? समदी गेली असती तर?"

"गेली असती तर गेली असती," कुशाबाई पदर झटकत म्हणाली. "तुला खाली टाकून घरी गेले असते तर तुझ्या आईला काय सांगितलं असतं? रोज तिच्या दारावरनं जावं लागतं मला."

गेणभाऊ मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "मी बंद केलं इंजन. म्या बंद केलं." सोपान त्यांच्याकडं बघत उभा राहिला. मग त्याचा राग कुठं गेला कोण जाणे, तो त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "भाऊ, रडू नका. किटली तेवढी नवी घ्या." सावळेरामला आधी हसू फुटलं, मग साळुबाईला, मग सगळ्यांनाच. ते हसणं थांबेना. अमृतही हसत होता आणि हसता हसता त्याचं लक्ष हातांकडं गेलं. दोन्ही तळवे सोलून निघाले होते. सोपाननं ते हात आपल्या हातात घेतले, डोक्याचा टॉवेल सोडून त्याच्या दोन चिंध्या केल्या आणि त्या बांधल्या. गाठ मात्र फार घट्ट मारली.

सोमवारी अमृत वर्गात आला तो दोन्ही हातांना पट्ट्या बांधून. आरतीनं आधीच सगळ्यांना सगळं सांगितलं होतं. दौंडकर सरांनी पुस्तक मिटलं.

"मग," ते हळूच म्हणाले, "उत्तर बदललं का तुझं?"

पट्ट्या बांधलेला हात वर करायची गरज नव्हती. अमृत नुसता उभा राहिला. पहिल्यांदाच त्याला टाळ्या नको होत्या.

"सर, पाच एकापेक्षा जास्त आहेत, ते मला अजूनही दिसतंय," तो म्हणाला. "आरती म्हणाली होती, त्या एकाला विचारलंस का. तर त्या एकाला विचारायचीच गरज पडली नाही. तो आपणहून ओरडत होता, पळा म्हणून. मीही बाकीच्यांना मागं सरा म्हणालो. म्हणजे आम्ही दोघांनी तुमचं गणित बरोबर सोडवलं होतं. पण सर, बाकीच्यांनी ते मानलंच नाही. आणि मानलं असतं तर आज माझा भाऊ नसता. त्या कोड्यात आपण ड्रायव्हरला विचारतो. फार तर त्या एकाला विचारू. पण त्या पाच जणांना कुणी विचारत नाही, की तुमच्यासाठी हा गेलेला चालेल का तुम्हाला?"

सर म्हणाले, "आणि ट्रक?"

"माहीत नाही सर. खरंच माहीत नाही."

तो खाली बसला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "यापरीस रेल्वेच बरी व्हती." वर्ग हसला. आरती हसली नाही, पण तिनं आपली वही त्याच्यापुढं सरकवली, कारण त्याला लिहिता येत नव्हतं.

पुढच्या रविवारी पेठला तीच विहीर, तीच माणसं होती. चिमाजी मढहून परतला होता आणि आपण नेमकं त्या दिवशी नव्हतो याची त्याला इतकी चुटपुट लागली होती की त्याला प्रत्येकाकडून सगळी हकिगत पुन्हा ऐकायची होती. किटली नवी होती. दुपारी वाती लावून झाल्या. चिमाजी यारीच्या फळीकडं निघाला. अमृत कुणी सांगायच्या आत लाल फडकं उचलून रस्त्याकडं चालू लागला. तळव्यांवर नवी कातडी आली होती, अजून हुळहुळत होती.

"ए," सोपाननं हाक मारली. "सापडलं का उत्तर?"

अमृत वळला. खोटं सांगणं सोपं होतं. समोर भाऊ उभा होता, कमरेला काडेपेटी खोचून.

"नाही दादा. लई विचार केला. नाही सापडलं."

सोपाननं मान डोलावली. अमृतच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि चिमाजीच्या हातात दिलं.

"मग बस ब्रेकवर," तो म्हणाला आणि बकेटमध्ये चढला.

अमृत फळीवर बसला. ब्रेकच्या दांड्यानं नव्या कातडीला चटका दिला, पण त्याला ते आवडलं. बकेट हळूहळू खाली गेली, सोपानचं डोकं अंधारात दिसेनासं झालं. इंजिन फटफटत होतं. काठाशी उभे असलेले गेणभाऊ एकदा इंजिनाकडं, एकदा डिझेलच्या कॅनकडं बघत होते, पण हात त्यांनी पाठीमागं बांधून ठेवले होते. बकेट तळाला टेकली. खालून आवाज आला, हसू आवरत नसलेला.

"अमृत, इंजन चालू हाय ना रं?"

"चालूच आहे दादा!" अमृत ओरडला. त्याला रडू येत होतं की हसू, ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. "चालूच ठेवलंय!"